गाडी किती सेकंदांत गेली?

चाकणला रेल्वे नाही. तरी आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात मुलांना सगळ्यात जास्त रडवतात ती आगगाडीचीच गणितं. मुलं खेड तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली, ठाकर आणि महादेव कोळी समाजाची. आठवडाभर कंपनीत कंत्राटी काम आणि डोळ्यांपुढे पोलीस भरती. लेखी परीक्षा १०० गुणांची, वेळ ९० मिनिटं. एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही, म्हणून मी सूत्रंच पाठ करून घेत होते: गाड्या समोरासमोर असतील तर वेगांची बेरीज, एकाच दिशेने असतील तर वजाबाकी.

सराव परीक्षेत बेरीज-वजाबाकी बरोबर आली, उत्तरं चुकली. एका मुलीने गाड्यांची लांबी धरलीच नव्हती. "ताई, वेग दिलाय ना? मग लांबी कशाला?" तिने आगगाडी जवळून कधी पाहिलीच नव्हती, आणि मी तिला ते विचारलंही नव्हतं.

मग एका रविवारी उपासना आटोपल्यावर आम्ही तळेगाव स्टेशन गाठलं. फलाटावर एक खांब धरला. न थांबणारी एक्स्प्रेस आली. इंजिन खांबापाशी येताच मोजायला लागलो, शेवटचा डबा खांब सोडून गेल्यावर थांबलो. म्हणजे खांब ओलांडायला गाडीला स्वतःच्या लांबीएवढं अंतर जावं लागतं. समजा लांबी २४० मीटर, वेग ताशी ७२ किलोमीटर. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर, म्हणून ७२ म्हणजे सेकंदाला २०. वेळ १२ सेकंद.

सापेक्ष वेग मात्र त्यांना आधीच ठाऊक होता, पुणे–नाशिक रस्त्यावरून! मोटरसायकलवरून कंटेनरला ओव्हरटेक करताना तो संपता संपत नाही, मागे बसलेल्याचा जीव टांगणीला. समोरून येणारा तेवढाच कंटेनर पापणी लवते तोच मागे पडतो.

आता दुसरी गाडी घेऊ: लांबी २१० मीटर, वेग ताशी ३६, म्हणजे सेकंदाला १०. दोन्ही गाड्या एकमेकींना पूर्ण ओलांडायच्या तर अंतर २४० अधिक २१०, म्हणजे ४५० मीटर. समोरासमोर असतील तर ४५० भागिले ३०, म्हणजे १५ सेकंद. एकाच दिशेने असतील तर ४५० भागिले १०, म्हणजे ४५ सेकंद.

परीक्षेतली खरी खोच पुढे असते: हळू गाडीच्या खिडकीत बसलेल्या माणसासमोरून, त्याच दिशेने जाणारी वेगवान गाडी किती वेळात जाईल? बहुतेकांनी ४५ लिहिलं. ती मुलगी थोडा वेळ थांबून म्हणाली, "ताई, माझ्या गाडीची लांबी नाही धरायची. मी एका खिडकीत आहे, त्या खांबासारखी." २४० भागिले १०, चोवीस सेकंद.

परतताना टेम्पोत तिने विचारलं, तळेगाव ते चिंचवड लोकलचं तिकीट किती असतं. पुढच्या सुट्टीला सगळे मिळून जाणार आहोत. खिडकीची जागा तिने आत्ताच सांगून ठेवली आहे.