भेदरलेल्या कुत्र्याचं पोट



२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, हे आपणांस आठवत असेल. अशा पुरात घर सोडावं लागलं किंवा दिवाळीत फटाके वाजले, की कुळगावचा असो वा आपल्या मळ्यातला, हळवा कुत्रा भेदरतो अन् त्याला हगवण लागते. भीतीनं आतडी जोरात चालतात, पाणी नीट शोषलं जात नाही. मग थोडं थोडं, वारंवार होतं, आव पडते.

उपाय साधा आहे. मारू नका, ओरडू नका. आतल्या शांत खोलीत त्याचं नेहमीचं पोतं अंथरा. स्वच्छ पाणी ठेवा. दोन दिवस मऊ भात व उकडलेली कोंबडी (हाडं काढून, मीठ, मसाला, कांदा, लसूण वर्ज्य) दिवसातून ३-४ वेळा थोडी थोडी द्या. मग हळूहळू नेहमीच्या खाण्यावर आणा. माणसांच्या गोळ्या देऊ नका.

मात्र सगळीच हगवण भीतीची नसते. पुराचं पाणी प्यायलेला, रक्त पडणारा, सारखा ओकणारा किंवा मलूल झालेला कुत्रा, तसंच हगवण लागलेलं कोणतंही पिल्लू, वाट न पाहता गुरांच्या दवाखान्यात न्यावं. पिल्लांना पार्व्होची लस ६ ते ८ आठवड्यांपासून टोचून घ्यावी.

राखणदाराची राखण आपणच करायची!