बहात्तराव्या हिश्श्याचे विमान

१९७१ सालच्या डिसेंबरात मी तुमच्याच वयाचा होतो. संध्याकाळ झाली की गिरगावातील आमच्या चाळीत खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले काळे कागद वडील पुन्हा एकदा दाबून पाहात, आणि भोंगा वाजताच सारी चाळ अंधारात बुडून जाई. त्या अंधारात कोणाच्या तरी खोलीतून रेडिओचा आवाज तेवढा येत राही. आपल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या ‘सी हॉक’ विमानांनी ४ डिसेंबरला पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बझार व चितगाव येथे हल्ले चढवले, ही वार्ता मी त्याच दिवसांत ऐकली. सी हॉक म्हणजे समुद्री ससाणा. जहाजावरून विमान उडते तरी कसे, आणि उडालेले विमान हलत्या जहाजावर परत उतरते कसे, हे कोडे तेव्हापासून माझ्या मनात घर करून राहिले.

पुढे पुष्कळ वर्षांनी मी मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झालो. एका दिवाळीच्या सुट्टीत चाळीतील मुले अंगणात मातीचा किल्ला रचीत होती. माझा नातू मात्र माझ्यापाशी येऊन म्हणाला, “आजोबा, आपण तुमचे ते विमान करू या.” गोव्यात वास्कोजवळ बोगमाळो येथे नौदलाच्या विमानांचे संग्रहालय आहे. तेथे उभ्या असलेल्या सी हॉकची छायाचित्रे आम्ही पूर्वी घेतली होती. ती भिंतीला लावून आम्ही कामास प्रारंभ केला.

हुबेहूब नमुना करायचा म्हणजे आधी प्रमाण ठरवावे लागते. आम्ही बहात्तरास एक हे प्रमाण घेतले. सी हॉकच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे ११ मीटर ८९ सेंटिमीटर. त्यास ७२ ने भागले की साडेसोळा सेंटिमीटर येतात. लांबी याहून किंचित अधिक. बाल्सा नावाचे लाकूड अतिशय हलके व मऊ असते. त्याचा ठोकळा आम्ही धारदार सुरीने तासला आणि काचकागदाने घासून गुळगुळीत केला.

पंख तयार झाले तेव्हा डावा पंख उजव्याहून दोन मिलिमीटर लांब भरला. “एवढेसे कोणाला दिसणार?” नातू म्हणाला. मी त्याला दोनास बहात्तरने गुणावयास सांगितले. उत्तर आले १४४ मिलिमीटर. त्याने आपला पंजा पट्टीवर ठेवून पाहिला, तो जवळजवळ तेवढाच भरला. खऱ्या विमानाचा एक पंख दुसऱ्याहून पंजाभर लांब! काही न बोलता त्याने काचकागद हाती घेतला.

या विमानाची एक गंमत सांगण्याजोगी आहे. एका इंजिनाच्या पुष्कळशा जेट विमानांत तप्त वायू शेपटीतून बाहेर पडतो. म्हणून नातवाने शेपटीला भोक पाडण्यासाठी गिरमिट उचललेही होते. सी हॉकचे इंजिन एकच असले, तरी त्याचा वायू दोन नळ्यांत विभागला जाऊन पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडे. त्यामुळे मागील भागात इंधनासाठी जागा मिळे. पंख वर दुमडता येत, आणि मग विमानाची रुंदी अवघी चार मीटरांच्या आसपास उरे, कारण जहाजावर जागेची चणचण फार. नमुन्यात पंख दुमडलेले असावेत की उघडे, यावरून आमचा दिवसभर अबोला होता. शेवटी उघडेच ठेवले.

रंग दिला तो वरून गडद करडा आणि खालून फिकट. वरून पाहणाऱ्यास विमान समुद्रात मिसळावे आणि खालून पाहणाऱ्यास आकाशात, अशी ती योजना. खालच्या बैठकीवर ‘३००’ हा आकडा लिहून नातवाने झेप घेणारा पांढरा वाघ काढला. ही विमाने उडवणाऱ्या ३०० क्रमांकाच्या तुकडीचे ते चिन्ह. ही तुकडी जुलै १९६० मध्ये ब्रिटनमध्ये उभी राहिली. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट ताहिलियानी विक्रांतवर विमान उतरवणारे पहिले भारतीय वैमानिक ठरले. पुढे ते नौदलप्रमुख झाले. १९७१ च्या युद्धात लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता तुकडीचे नेतृत्व करीत होते. त्यांना महावीरचक्र मिळाले. त्या वेळी विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेलेले होते. जहाज ज्या वाफेवर चाले, त्याच वाफेच्या जोराने गोफणीतून दगड सुटावा तसे विमान पुढे फेकले जाई. जहाज मंद चालले की समोरून मिळणारा वाराही कमी होई. अशा अवस्थेत ती विमाने उडाली. १९८३ साली तुकडीकडे सी हॅरिअर विमाने आली आणि सी हॉकचे दिवस संपले.

नमुना पुरा झाला तेव्हा मी परळला राहणाऱ्या एका वृद्ध स्नेह्यांना बोलावले. तरुणपणी ते नौदलात होते आणि विक्रांतच्या धावपट्टीवर त्यांनी विमाने ढकलली होती. त्यांनी रंग पाहिला नाही, वाघ पाहिला नाही. विमान हाती घेऊन प्रथम उलटे केले.

“मास्तर, आकडा कोठे आहे?”

मी वरमलो. शेपटीखाली असणारा आकडा आमच्या ध्यानातच आला नव्हता. “विमान सुंदर केलेत,” ते म्हणाले, “पण हे उडाले तर परत येणार नाही.” मग त्यांनी नातवाला समजावून सांगितले. जहाजाच्या मागील भागी पोलादी दोर आडवे ताणलेले असत. उतरणाऱ्या विमानाचा आकडा त्यांपैकी एका दोरात अडके आणि एवढ्या वेगाने आलेले विमान थोड्याशा अंतरात थांबे. आकडा चुकला तर वैमानिकाने तत्क्षणी पुन्हा वर झेपावयाचे. माझे लहानपणीचे कोडे त्या दिवशी पुरतेपणी सुटले.

एक टाचणी वाकवून आम्ही आकडा बसवला. “आता याला जहाज हवे,” नातू म्हणाला.

विक्रांत २००१ पासून २०१२ पर्यंत मुंबईतच संग्रहालय म्हणून उभी होती. मी शाळेतील मुलांना तेथे नेलेही होते. पुढे, २०१४ साली, दारूखान्यात ती मोडण्यास आरंभ झाला. २०२२ साली नौदलात दाखल झालेली विक्रांत ही त्याच नावाची नवी नौका. जुन्या नौकेची लांबी सुमारे २१३ मीटर. ७२ ने भागता तीन मीटरांना थोडी कमी. आमच्या खोलीत ती भिंतीपासून भिंतीपर्यंत भरली असती, म्हणून गॅलरीतील फरशीवर खडूने आखली. स्नेही गुडघे सांभाळीत खाली बसले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दोरांच्या रेघा ओढल्या. एका रेघेजवळ खडू टेकवून म्हणाले, “मी येथे उभा असे.” मग विमान मागून हळूहळू सरकवीत आणून त्यांनी त्या रेघेवर थांबवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरी धुतली गेली आणि नौका पुसली गेली. विमान कपाटावर आहे. कोणी पाहावयास आले की नातू ते प्रथम उलटे करून आकडा दाखवतो.