दोन तारा, एक मार्ग : पोर्ट ट्रंकिंगची ओळख

शाळा, वसतिगृह, वाचनालय अथवा दवाखाना चालविणाऱ्या संस्थांचा बराचसा कारभार आज संगणकांच्या जाळ्यावर अवलंबून आहे. प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रे, देणग्यांचे हिशेब हे सारे त्या जाळ्यातूनच जाते-येते. जाळे मंदावले की कोणी तरी सुचवितो, "आणखी एक तार जोडून टाका." ही सूचना अर्धी खरी आहे, आणि अर्धे सत्य समाजाच्या पैशाने विकत घेतले तर फार महाग पडते. म्हणून हा विषय सभासदांनी एकदा नीट समजून घ्यावा, एवढाच या पाठाचा हेतू.

प्रथम स्विच म्हणजे काय ते पाहू. अनेक संगणकांच्या तारा ज्या पेटीत एकत्र येतात ती पेटी म्हणजे स्विच, आणि तार जेथे खुपसतात ते भोक म्हणजे पोर्ट. संगणक मजकुराचे लहान लहान तुकडे करून पाठवितो. त्यांस फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेमवर पाठविणाराचा व घेणाराचा पत्ता असतो. तो वाचून स्विच ती फ्रेम योग्य पोर्टातून पुढे धाडतो. ज्या स्विचला आपण सूचना देऊ शकतो, त्यास मॅनेज्ड स्विच म्हणतात.

आता दोन साध्या स्विचांमध्ये एका तारेऐवजी दोन तारा जोडल्या तर काय होईल? वेग दुप्पट होण्याऐवजी बहुधा सगळे जाळेच ठप्प होईल. काही फ्रेमा सर्वांस उद्देशून असतात. अशी फ्रेम एका तारेने पलीकडे जाते, दुसरीने परत येते, पुन्हा पहिलीने जाते. तिला थांबविणारी कोणतीही मुदत फ्रेमवर लिहिलेली नसते. थोड्याच वेळात अशा फ्रेमांचे वादळ उठते आणि खऱ्या कामास वाट उरत नाही. यावर उपाय म्हणून १९८५ मध्ये रेडिया पर्लमन या विदुषीने स्पॅनिंग ट्री ही युक्ती शोधली. तीत स्विच आपसांत बोलून जादा तार बंद ठेवतात. चालू तार तुटली तरच ती उघडतात. वादळ टळते खरे, परंतु दुसरी तार एरवी रिकामीच पडून राहते.

दोन्ही तारा कामास लावायच्या असतील तर दोन्ही टोकांना सांगावे लागते, "या तारा वेगळ्या समजू नका, हा एकच मार्ग आहे." या जुळणीस पोर्ट ट्रंकिंग किंवा लिंक ऍग्रीगेशन म्हणतात. त्यासाठी आयईईई या संस्थेने २००० मध्ये ८०२.३एडी हे प्रमाण ठरविले. २००८ पासून ते ८०२.१एएक्स या नावाने चालते. येथे एक सावधगिरी हवी. काही कारखानदार 'ट्रंक' हा शब्द अनेक आभासी जाळी एका तारेवरून नेण्याच्या निराळ्याच सोयीस लावतात. तेव्हा खरेदीच्या कागदावर केवळ 'ट्रंक' हा शब्द पाहून समाधान मानू नये.

आता मुख्य मुद्दा. एकाच संभाषणाच्या फ्रेमा दोन तारांवर वाटल्या तर मागची फ्रेम पुढे पोचून क्रम बिघडेल. म्हणून नियम असा की, एक संभाषण एकाच तारेने जावे. कोणते संभाषण कोणत्या तारेने, हे पत्त्यांवरून ठरते. समजा, संस्थेचा मुख्य संगणक स्विचला दोन तारांनी जोडला आहे व त्याच्या पत्त्याच्या शेवटी १० आहे. नियम असा धरू : दोन्ही पत्ते सम किंवा दोन्ही विषम असल्यास पहिली तार, एक सम व एक विषम असल्यास दुसरी. मग २२ व २४ या संगणकांचे काम पहिलीवरून होईल, २१ व २३ यांचे दुसरीवरून. परंतु त्या वेळी केवळ सम पत्त्यांचेच संगणक चालू असतील, तर दुसरी तार रिकामी राहील. यासाठी वाटणीचा नियम विचारपूर्वक निवडावा लागतो.

हिशेब करून पाहू. एक गिगाबिटची तार सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट वाहते. १५ गिगाबाइटच्या, म्हणजे १५,००० मेगाबाइटच्या फायलीस निदान १२० सेकंद लागतील. तारा दोन केल्या तरी २२ क्रमांकाच्या संगणकास १२० सेकंदच लागतील. मात्र २१ व २२ यांनी एकाच वेळी अशी एकेक फाइल मागविली, तर एका तारेवर दोघांची कामे उरकण्यास २४० सेकंद लागले असते. दोन तारांवर ती १२० सेकंदांत होऊ शकतील. रेल्वे स्टेशनावर तिकिटाच्या खिडक्या वाढविल्याने एकट्या प्रवाशाचे तिकीट लवकर छापले जात नाही. रांग मात्र लवकर सरते. तसेच हे.

दुसरा लाभ सुरक्षिततेचा. एक तार उंदराने कुरतडली तरी काम दुसरीवरून चालू राहते. कित्येक संस्थांना वेगापेक्षा हाच लाभ मोठा वाटेल. यासाठी एलएसीपी ही पद्धत वापरावी. तीत दोन्ही टोके एकमेकांस ३० सेकंदांनी, किंवा जलद पद्धतीत दर सेकंदास, खुशालीचा निरोप पाठवितात. तीन निरोपांइतका काळ काहीच आले नाही तर ती तार जुळणीतून वगळतात. तार चुकीच्या स्विचात गेली असल्यास तेही ध्यानात येते. निदान एक टोक 'ऍक्टिव्ह' हवे. दोन्ही 'पॅसिव्ह' ठेवली तर "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करीत कोणीच बोलत नाही व जुळणी होत नाही.

सभासदांनी व विश्वस्तांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुळणीतील सर्व तारा सारख्याच वेगाच्या असाव्यात. आधी दोन्ही टोकांना सूचना भराव्यात, मगच दुसरी तार जोडावी. जुळणी झाल्यावर एक तार मुद्दाम काढून काम चालू राहते की नाही हे पाहावे. त्यावाचून बिल मंजूर करू नये. आणि बाहेरून येणारी इंटरनेटची वाहिनी संथ असेल, तर आतल्या तारा चौपट करूनही ती वेगवान होणार नाही.

कोठे अडते आहे हे आधी शोधावे, मग पैसा खर्चावा. देणगीदाराचा रुपया योग्य जागी पडला, तर फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी एकाही विद्यार्थ्यास पडद्याकडे पाहत ताटकळावे लागणार नाही.