कालवा आणि कुरण

दसरा-दिवाळी उलटली की माणदेशातील धनगरांचे कळप कोकणाच्या वाटेला लागतात, हे तुम्ही पाहिले किंवा ऐकले असेल. पश्चिम राजस्थानात असेच फिरते जीवन रायका समाज जगत आला आहे. उंट आणि मेंढ्या हेच त्याचे धन. जैसलमेरच्या बऱ्याच भागात वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. अशा भूमीत एका जागी नांगर धरून बसण्यापेक्षा गवतामागे हिंडणे अधिक शहाणपणाचे होते.

स्वातंत्र्यानंतर शासनाने या वाळवंटात कालव्यासाठी फार मोठा पैसा ओतला. ३१ मार्च १९५८ रोजी राजस्थान कालव्याची कोनशिला बसली. १९८४ साली त्याला इंदिरा गांधींचे नाव मिळाले. पंजाबातील हरिके येथे वळवलेले पाणी ६४९ किलोमीटरचा प्रवास करून १९८७ साली जैसलमेर जिल्ह्यातील मोहनगढला पोहोचले. जेथे घागरभर पाण्यासाठी बायका कोसकोस चालत, तेथे गहू, कापूस, मोहरी डोलू लागली. जोधपूरसारख्या शहराची तहानही या पाण्याने भागवली. हे उपकार लहान नव्हेत.

परंतु पाण्याबरोबर जमिनीचे वाटपही आले. पंचवीस बिघ्यांचा एक मुरब्बा, अशा हिशोबाने ती वसाहतकऱ्यांना देण्यात आली. सरकारी दप्तरात यांपैकी पुष्कळ जमीन ‘पडीक’ होती. प्रत्यक्षात तिच्यावर सेवण नावाचे गवत वाढत असे. हे गवत दुष्काळातही तग धरते. मात्र एकदा जमीन नांगरली की ते सहजासहजी परत येत नाही. पडीक या एका शब्दाने किती कळपांचे ताट ओढून घेतले, याची मोजदाद कोण करणार? जुन्या वाटा शेतांनी अडवल्या. काही ठिकाणी जमिनीखालील जिप्समच्या कठीण थरामुळे पाणी झिरपेना. सुरतगढजवळच्या बडोपल परिसरात शेतेच पाणथळ झाली.

राजस्थानातील उंटांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सव्वातीन लाख होती. २०१९ मध्ये ती सुमारे २ लाख १३ हजारांवर आली. ट्रॅक्टर आणि जीप हेही त्याचे कारण आहे. सारा दोष कालव्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. २०१४ साली उंटाला राज्यपशूचा मान मिळाला. पुढच्याच वर्षी जयपूरच्या विधानसभेने कायदा करून त्याच्या कत्तलीस बंदी घातली आणि त्याला राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आणले. हेतू संरक्षणाचा होता. पण गिऱ्हाईक तुटले, अशी उंटपालकांची तक्रार आहे.

आपल्याकडील देवराईसारखी तेथील राखीव जागा म्हणजे ‘ओरण’. देवाच्या नावाने राखलेल्या या जागेत गुरे चरतात, पण झाडावर कुऱ्हाड पडत नाही. अनेक ओरणेही दप्तरी पडीकच राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मोजणी व नोंद करण्याचा आदेश राजस्थान शासनाला दिला.

कृती : तुमच्या गावच्या गायरानाची तलाठी दप्तरातील नोंद पाहा. तेथे आज कोणाची गुरे चरतात, ते वडीलधाऱ्यांना विचारून आठ-दहा ओळींत लिहा.