कोबीवरच्या अळीची परीक्षा घेणाऱ्या भाच्याला

बाळा, यंदा कोबीवर औषधांची चाचणी लावतोयस म्हणे. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाने मला पुष्कळदा खोटं पाडलंय, म्हणून या चार गोष्टी. चारच्या किती होतील ते बघू.

१. एक वाफा नुसत्या पाण्याचा ठेव आणि तोही तितक्याच मायेने फवार — पाऊस अळ्या धुऊन नेतो आणि श्रेय औषध लाटतं.

२. प्रत्येक औषधाला तीन-चार वाफे दे, जागा चिठ्ठ्या टाकून ठरव — विहिरीकडचा चांगला कोपरा तू लाडक्या औषधाला देणार, मला माहीत आहे.

३. फवारणीच्या आदल्या दिवशी अळ्या मोज, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी — न मोजलेली अळी नेहमी मेलेलीच असते.

४. मोजायची रोपं आधीच दोरा बांधून ठरव, कडेच्या ओळी सोडून — डोळा आपोआप भोकं पडलेल्या पानाकडे धावतो, आणि कडेला शेजारचे तुषार येतात.

५. पान हळू उलट — धक्का लागला की अळी वळवळत धाग्यावरून खाली लोंबते, आणि तू वहीत शून्य लिहितोस.

६. कोबीचं पान मेणचट, औषध चिकटून राहावं म्हणून द्रावणात स्टिकर घाल; पण पाण्याच्या वाफ्यालाही तेवढंच — नाहीतर परीक्षा औषधाची की स्टिकरची?

७. बीटीला, म्हणजे जिवाणूच्या औषधाला, दुसऱ्याच दिवशी नापास करू नकोस — अळी खाणं लवकर सोडते, जीव सोडायला दोन-तीन दिवस घेते. मी घाईने ‘निरुपयोगी’ लिहिलं होतं. चौथ्या दिवसाची खाडाखोड त्या वहीत अजून आहे.

८. पाण्याचा वाफा सगळ्यांत आधी फवार, औषध बदलताना टाकी, नळी, नोझल तिन्ही धू — नळीच्या पोटात कालचं जेवण राहतं.

९. कोष दिसला की चिरडू नकोस, नीट बघ — विरळ जाळीचा, आतलं दिसणारा तो पतंगाचा. दाट विणीचा तो कोटेशियाचा, म्हणजे अळीवर वाढणाऱ्या आपल्या मित्रमाशीचा. चोर आणि पाहुणा एकाच ओसरीवर झोपतात.

१०. जिंकलेलं औषध सलग मारत बसू नकोस, पुढच्या फवारणीला गट बदल — हीच कीड डीडीटीलाही दाद देत नाही, हे जावा बेटावरून १९५३ सालीच कळलं होतं.

११. फवारणीनंतर काढणीसाठी थांबायचे लेबलावरचे दिवस भरल्याशिवाय चाचणीचा गड्डा घरी आणू नकोस — तुझी मामी वाफ्याचा नंबर विचारत नाही, सरळ चिरायला घेते.