सापाच्या पोटांतील जंत

शेतीच्या मासिकांत सापाच्या पोटाची चौकशी कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु उसाच्या फडांत व भाताच्या खळ्याभोंवतीं उंदरांचा फडशा पाडणारी धामण ही आपली बिनपगारी राखणदारच होय, आणि तिच्या रोगाचें मूळ पुष्कळदां त्या उंदरांतच असतें.

आपल्या जिल्ह्यांत चंदगड तालुक्यांतील ढोलगरवाडी येथें मामासाहेब लाड विद्यालयांत बाबूराव टक्केकर गुरुजींनीं सर्पालय उभारून मुलांची सापाविषयींची भीति घालविली, हें पुष्कळांस ठाऊक आहे. शिक्षणासाठीं, लस करण्यासाठीं अथवा जखमी साप बरा होईपर्यंत, अशा कारणांनीं साप बंदिस्त ठेवावा लागला म्हणजे त्याच्या आंतड्यांतील जंतांचा प्रश्न हटकून पुढें येतो. हौसेखातर घरीं साप बाळगणें हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे, हें येथेंच सांगून ठेवितों.

रानांतल्या बहुतेक सापांच्या पोटांत थोडेफार जंत असतातच, आणि तरीही साप धडधाकट असतो. मग पिंजऱ्यांत आल्यावरच तो कां खंगतो? याचें उत्तर आपल्या गोठ्यांत सांपडेल. मोकळ्या कुरणांत चरणाऱ्या शेळ्यांपेक्षां एकाच ओल्या वाड्यांत दाटीनें कोंडलेल्या शेळ्यांस जंतांचा उपद्रव अधिक होतो. सापाचेंही तसेंच आहे. आंकड्यासारख्या तोंडाचे कांहीं जंत विष्ठेंतून अंडीं टाकतात, त्यांतून अळ्या निघतात आणि त्या पुन्हां त्याच सापाच्या पोटांत जातात. रानांत साप आपली विष्ठा मागें टाकून निघून जातो. पेटींत मात्र तो तिच्यावरच लोळतो. त्यांत पकडल्याचा धसका, अपुरी ऊब व उपासमार यांची भर पडली म्हणजे त्याची प्रतिकारशक्ति ढासळते. नागपंचमीसाठीं पूर्वीं दिवसेंदिवस मडक्यांत कोंडलेल्या नागांची काय दशा होत असेल, याची कल्पना यावरून येईल.

दुसऱ्या जातीचे जंत भक्ष्यांतून येतात. मोठ्या गोल जंतांचीं अंडीं उंदीर खातो, अळी त्याच्या मांसांत दडून बसते आणि उंदीर गिळणाऱ्या सापाच्या पोटांत ती वाढीस लागते. बेडकांतून पट्टकृमि येतात. म्हणून बंदिस्त सापास रानांतला उंदीर वा बेडूक धरून देऊं नये. स्वच्छ जागीं पाळलेले उंदीर गोठवून, मग पूर्ण वितळवून द्यावे. गोठविल्यानें बऱ्याच अळ्या मरतात. विषानें मेलेला उंदीर तर चुकूनही देऊं नये. आणखी एक गोष्ट: कांसवें व साप एकत्र ठेवूं नयेत. कांसवाच्या आंतड्यांत निरुपद्रवीपणें राहणारा एक आमांशाचा सूक्ष्म जीव सापास प्राणघातक ठरतो.

लक्षणें सावकाश दिसतात. साप खातो तरी कण्याचें हाड वर येतें. गिळलेलें भक्ष्य कांहीं दिवसांनीं ओकून टाकतो. विष्ठा पातळ, आंवेची अथवा रक्तमिश्रित होते. परंतु हींच लक्षणें थंडीनें पचन मंदावल्यावरही दिसतात, म्हणून केवळ पाहून निदान होत नाहीं. ताजी विष्ठा स्वच्छ डबींत घालून त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावी. मिठाच्या दाट द्रावणांत ती कालविली असतां बहुतेक जंतांचीं अंडीं वर तरंगतात व सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ओळखतां येतात.

औषधाच्या बाबतींत आपल्या लोकांचा उतावळेपणा मला ठाऊक आहे. म्हशीच्या रेडकासाठीं आणलेली बाटली कपाटांत असतेच, त्यांतलाच एक झांकणभर सापास पाजावा असें मनांत येतें. तें करूं नये. फेनबेंडाझोल हें औषध सापांस देतात खरें, परंतु सापाचें वजन ग्रॅमांत करून, पशुवैद्याच्या हिशेबानें, आणि पुष्कळदां कांहीं दिवसांनीं दुसऱ्यांदा. अति झाल्यास हाडांतील मगजावर दुष्परिणाम होतो. आमांशावरील मेट्रोनिडॅझोल अधिक झाल्यास सापाचा तोल जातो. शिवाय पट्टकृमीस एक औषध, आमांशास दुसरें. जंत कोणता हें न कळतां दिलेलें औषध वायां जातें.

औषध चालू असतांना पेटींतील भुसा अथवा माती काढून साधा कागद अंथरावा, विष्ठा दिसतांच तो बदलावा, पाण्याचें भांडें उकळत्या पाण्यानें धुवावें. हें न केल्यास पोटांतले जंत मेले तरी पेटींतले नवे आंत शिरतात. प्रत्येक सापाची पेटी व चिमटा निराळा असावा. दुसऱ्या फेरीनंतर विष्ठा पुन्हां तपासून घ्यावी. आणि दूध पाजूं नये. तें सापाचें अन्न नव्हे, त्यानें रोगी साप अधिकच बिघडतो.

शेतांत खंगलेला साप आढळल्यास स्वतः हात न लावितां वनखात्यास अथवा जाणत्या सर्पमित्रास कळवावें. सापाची पेटी वा विष्ठा हाताळल्यावर साबणानें हात धुवावे, आणि तीं भांडीं स्वयंपाकाच्या मोरींत मुळींच घांसूं नयेत. सापाच्या आंतड्यांतील कांहीं जंतु माणसास हगवण लावितात.