हप्ता पुढे गेला, व्याज कुठे गेलं?



२०२१ मध्ये टाळेबंदीनंतर मिरजगावात पुन्हा बैठका सुरू झाल्या. तोंडाला मास्क, मधे अंतर आणि प्रत्येकीच्या हातात पासबुक. पहिल्याच बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मागच्या वर्षी सहा महिने हप्ते माफ होते ना? मग माझं कर्ज संपायच्या ऐवजी पुढे कसं सरकलं?" दुसरी म्हणाली, "माझंही तसंच झालंय. साहेब म्हणाले, कॉम्प्युटरच तसं दाखवतोय."

प्रश्न एकीचा नाही. म्हणून या महिन्याचा पाठ त्यावरच घेतला आहे. हा पाठ गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचा. वाचणारीने मधेमधे थांबावं, आणि आकडे येतील तिथे सगळ्यांनी वहीत लिहून घ्यावेत.

आधी २०२० साल आठवू. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला. दुसऱ्या दिवशी राज्यात संचारबंदी लागली आणि २५ मार्चपासून सगळा देश बंद झाला. सुरुवातीला २१ दिवस म्हणाले होते. ते वाढत १४ एप्रिलवरून ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे झालं. आपला आठवडे बाजार बंद. सोलापूर रोडवरची गाड्यांची वर्दळ थांबली, तशी चहाची टपरी, वडापावचा गाडा, टायर पंक्चरचं दुकान, सगळंच थांबलं. लग्नसराई बुडाली, म्हणजे पोळ्या लाटायला जाणाऱ्यांचं, मंडपात वाढप करणाऱ्यांचं, ब्लाउज शिवणाऱ्यांचं आणि बांगड्या भरणाऱ्यांचं वर्षाचं उत्पन्न बुडालं. बीड जिल्हा आपल्या शेजारी, पण जिल्हाबंदीमुळे आष्टी-कड्याला माहेर असलेल्या बायांना माहेर परदेश झालं. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं कारखान्यांवर अडकली होती. त्यांना तपासणी करून घरी सोडायला सरकारने एप्रिलच्या मध्यात परवानगी दिली.

त्या काळात घरात आलं काय? महिलांच्या जनधन खात्यावर एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने ५००-५०० रुपये आले. बँकेत गर्दी होऊ नये म्हणून खात्याच्या शेवटच्या आकड्यावरून वार ठरवले होते. ० आणि १ वाल्या ३ एप्रिलला, २ आणि ३ वाल्या ४ एप्रिलला, असं. तरी रांग लागलीच, कारण पैसे परत जातील अशी अफवा उठली होती. पैसे परत जाणार नव्हते. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळालं, उज्ज्वलाच्या गॅसचे सिलिंडर मिळाले. पोटाला आधार झाला, हे खरंच. पण ५०० रुपयांत हप्ता बसत नाही. हप्त्याचं वेगळं काहीतरी बघावं लागणार होतं.

ते रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला बघितलं. १ मार्च ते ३१ मे या काळातले कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायला बँकांना आणि वित्तसंस्थांना परवानगी दिली. मे महिन्यात ती मुदत आणखी तीन महिने, म्हणजे ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. याला इंग्रजीत मोरॅटोरियम म्हणतात. टीव्हीवर तो शब्द दिवसभर चालला होता. आपल्यापर्यंत येईतो त्याचं "हप्ते माफ" झालं.

त्या परिपत्रकात दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही आपल्याला कोणी नीट सांगितल्या नाहीत. एक, ती परवानगी होती, सक्ती नव्हती. कर्ज देणाऱ्याने ठरवायचं की सवलत द्यायची की नाही आणि कोणाला द्यायची. म्हणून एकीला मिळाली, तिच्या शेजारणीला नाही, असं झालं. दोन, हप्ता थांबला तरी बाकी रकमेवर व्याज चालूच राहणार, हे त्यात स्पष्ट होतं. घड्याळाची बॅटरी काढली म्हणून दिवस मावळायचा राहतो का?

आता हिशोब करू. वही घ्या.

समजा एका ताईचं २४,००० रुपये कर्ज बाकी आहे. व्याज वर्षाला २४ टक्के, म्हणजे महिन्याला २ टक्के. अजून २४ हप्ते राहिलेत आणि प्रत्येक हप्ता १,२६९ रुपये. (खासगी वित्तसंस्थेचे हप्ते आठवड्याचे किंवा पंधरवड्याचेही असतात. सोपं जावं म्हणून महिन्याचा धरला.)

तिने सहा महिने काहीच भरलं नाही. पहिल्या महिन्याचं व्याज ४८० रुपये. ते मुद्दलात मिळवलं की बाकी झाली २४,४८०. दुसऱ्या महिन्यात व्याज २४,४८० वर. असं करत सहा महिन्यांनी बाकी होते २७,०२८ रुपये. म्हणजे तिने हात न लावता कर्ज ३,०२८ रुपयांनी वाढलं.

सप्टेंबरपासून तिने पुन्हा तेच १,२६९ रुपये भरायला घेतले. किती हप्ते लागतील? चोवीस नाही. अठ्ठावीस हप्ते, वर थोडी किरकोळ रक्कम. चार हप्ते वाढले, म्हणजे ५,०७६ रुपये. ज्या ताईंनी विचारलं ना की कर्ज पुढे कसं सरकलं, ते हे असं सरकलं. त्यात कॉम्प्युटरची चूक नाही. चूक असेल तर हे सगळं आधी न सांगण्याची आहे.

आता दुसरी ताई घ्या. कर्ज तेच, व्याज तेच. तिच्याकडेही १,२६९ नव्हते. पण घरच्या दोन शेळ्यांचं दूध, थोडी अंडी आणि जनधनचे पैसे यांतून तिने दर महिन्याला ४८० रुपये, म्हणजे नुसतं व्याज भरलं. संस्थेने ते घेतलं आणि पावती दिली. सहा महिन्यांनी तिची बाकी २४,००० च राहिली आणि हप्तेही चोवीसच. तिने सहा महिन्यांत २,८८० रुपये भरले. पहिलीला चार हप्ते आणि वरची किरकोळ मिळून ५,१०० च्या पुढे जादा भरावे लागणार. फरक काढा. साधारण २,२०० रुपये.

तिसरी ताई तीनच महिने थांबली आणि जूनपासून हप्ते चालू केले. तिचे सुमारे दोनच हप्ते वाढले.

यावरून पहिलीने चुकीचं केलं असं म्हणू नका. घरात पीठ नसताना कोणी व्याज भरावं? सवलत तिच्यासाठीच होती आणि तिने ती घेतली हे बरोबर केलं. सवलतीची किंमत तिला आधी सांगितली असती तर तिने कदाचित तीनच महिने घेतली असती, कदाचित सहाच्या सहा घेतली असती. पण ठरवलं असतं तिने.

"मग ते चक्रवाढ परत मिळणार म्हणत होते, त्याचं काय?" हा पुढचा प्रश्न येणारच.

सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये योजना काढली. दोन कोटीपर्यंतच्या ठरावीक प्रकारच्या कर्जांवर, त्या सहा महिन्यांचं चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांतला फरक ५ नोव्हेंबरपर्यंत खात्यावर जमा करायचा. पीककर्ज त्यात नव्हतं. ज्यांनी हप्ते थांबवले नव्हते, त्यांनाही हा फरक द्यायचा होता. पुढे २३ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थगितीच्या काळातलं व्याजावरचं व्याज कोणाकडूनच घ्यायचं नाही, कर्ज कितीचंही असो. घेतलं असेल तर परत करा किंवा पुढच्या हप्त्यात वळतं करा. ऐकायला मोठं वाटतं. आपल्या पहिल्या ताईच्या हिशोबात बसवून बघा. सरळ व्याज सहा महिन्यांचं ४८० गुणिले सहा, म्हणजे २,८८०. चक्रवाढीने झालं ३,०२८. फरक १४८ रुपये. परत मिळणार ते १४८. बाकीचे २,८८० तिच्याच डोक्यावर. ते माफ करायला न्यायालयाने नकार दिला.

तरी १४८ रुपये आपले आहेत. पासबुकात "एक्स ग्रेशिया" किंवा "व्याज परतावा" असं काही जमा झालंय का बघा. दिसलं नाही तर शाखेत विचारा.

आता २०२१ कडे येऊ, कारण खरी काळजी तिथे होती. १४ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून राज्यात पुन्हा संचारबंदी लागली. दुसरी लाट पहिलीपेक्षा वाईट गेली, आपल्या कित्येक घरांत माणूस गेलं किंवा दवाखान्यात पैसा गेला. धंदा पुन्हा बसला. आणि बऱ्याच जणी समजून होत्या की २०२० सारखे हप्ते थांबले असतील. तसं नव्हतं. २०२१ मध्ये सरसकट स्थगिती नव्हती. हप्ता थांबवला तर तो थकीत धरला जायचा, आणि गटाच्या बँक कर्जाला नियमित परतफेडीवर जी व्याज सवलत मिळत होती ती हातची जायची.

त्या वर्षी जे होतं ते वेगळं होतं. रिझर्व्ह बँकेने ५ मे २०२१ ला कर्जाची फेररचना करायला परवानगी दिली होती, म्हणजे हप्ता लहान करून मुदत वाढवणं किंवा काही काळ थांबवणं. ती वैयक्तिक कर्जदार आणि छोटे व्यावसायिक यांच्यासाठी होती. ३१ मार्च २०२१ ला खातं थकीत वर्गात गेलेलं नसावं, आधी अशी फेररचना झालेली नसावी, आणि ३० सप्टेंबर २०२१ च्या आत ते ठरावं, अशा अटी होत्या. आपोआप होत नव्हतं. अर्ज करावा लागत होता आणि मंजूर करायचा की नाही ते बँक ठरवत होती. असा अर्ज करताना उत्पन्न किती होतं, किती राहिलं आणि किती हप्ता झेपेल हे आकड्यात लिहा. "परिस्थिती बिकट आहे" एवढ्यावर साहेब काही ठरवू शकत नाही. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. आणि विचारायलाच हवा असा प्रश्न, "हप्ता कमी केल्यावर शेवटपर्यंत मी एकूण किती जादा भरणार?" उत्तर कागदावर मागा.

खासगी वित्तसंस्थेचे वसुलीवाले दारात येऊन बसतात, सगळ्या बायांना एकत्र बसवून एकीच्या हप्त्यासाठी दुसरीला बोलतात, अशा तक्रारी आल्या आहेत. जबाबदारी सामाईक असली तरी धमकी द्यायचा, घरातली वस्तू उचलायचा हक्क कोणालाही नाही. पावतीशिवाय रुपया देऊ नका. आणि हप्ता भरायला सावकाराकडे जायची वेळ आली तर आधी गटात बोला. विनापरवाना सावकारी हा राज्यात गुन्हा आहे, तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. पण खरं सांगायचं तर तक्रार करायला बाई सहसा उभी राहत नाही, दागिना अडकलेला असतो. म्हणून आधीच बोलायचं.

शेवटी गटाच्या आतल्या कर्जाबद्दल. इथे रिझर्व्ह बँक नाही, आपणच बँक आहोत. अंतर्गत कर्जावरचं व्याज आपल्याच निधीत येतं, त्यामुळे ते सोडायचं, कमी करायचं की थांबवायचं हे गट ठरवू शकतो. मात्र ठराव करून. एका गटाने दोन टक्क्यांचं व्याज चार महिन्यांसाठी एक टक्का केलं, सगळ्यांना सारखं. दुसऱ्या गटाने ज्यांच्या घरी आजारपण होतं त्यांचेच हप्ते थांबवले. दोन्ही चालतं. चालत नाही ते हे, की अध्यक्षांच्या जावेला सूट आणि वस्तीवरच्या बाईला दंड.

आणि एक आमच्या फेडरेशनच्या तपासणीत सापडलेली गोष्ट. टाळेबंदीत बैठका झाल्याच नाहीत, तरी काही इतिवृत्त वह्यांत दर महिन्याची बैठक आणि सगळ्यांच्या सह्या आहेत. एकाच पेनाने. सचिव ताईंनी घाबरून केलं, ग्रेडिंग खाली येईल म्हणून. काही जणींनी तर दुसऱ्यांची बचत स्वतःच्या खिशातून भरून टाकली आणि आता मागायची लाज वाटते. असं करू नका. "संचारबंदीमुळे बैठक झाली नाही, बचत जमा नाही" एवढं तारीख घालून लिहा. मग पहिल्या बैठकीत ठरवा की राहिलेली बचत एकदम भरायची, हप्त्याने भरायची की सगळ्यांचीच सोडायची. फोनवर बोलून काही ठरवलं असेल तर ते पुढच्या बैठकीत वाचून दाखवा, कारण तेव्हा प्रत्येकीकडे फोन नव्हता, आणि असला तरी तो पोराच्या ऑनलाइन शाळेत अडकलेला असायचा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने पासबुक भरून आणावं आणि एका कागदावर पाच आकडे लिहून आणावेत: २९ फेब्रुवारी २०२० ला बाकी किती होती, ३१ ऑगस्ट २०२० ला किती झाली, आज किती आहे, किती हप्ते राहिलेत, आणि व्याजाचा परतावा किती जमा झाला. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याशेजारी लिहिणारी बसवा. वसुलीच्या कार्डावर आणि पासबुकात आकडा वेगळा दिसला तर दोन्ही घेऊन या, फेडरेशनच्या लेखापाल ताई त्या दिवशी बैठकीला थांबणार आहेत.